पोट साफ झालं, पण जंतूंचं काय?

मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रुग्णाच्या हातात साधारण दोन गोष्टी पडतात. एक म्हणजे पावडरचं पाकीट, जे लिटर-दोन लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळभर पीत राहायचं. दुसरी म्हणजे अँटिबायोटिकच्या गोळ्या, प्रत्येकीपुढे घेण्याची वेळ लिहिलेली. पहिली गोष्ट सगळ्यांना लगेच कळते. पोट कापायचं तर ते रिकामं हवं, त्यात काय समजवायचं? दुसरी मात्र पटत नाही. "सकाळी सलाइनमधून अँटिबायोटिक देणारच आहेत ना? मग आत्ता गोळ्या कशाला?" असं नातेवाईक विचारतात. त्यात जुलाबांनी रुग्ण पिळून निघालेला असतो, मळमळत असतं. "पोट तर धुऊन निघालं की," असं म्हणून गोळ्या उशाशीच राहतात.

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. सर्जन लोकांचाही यावर ऐंशी वर्षं वाद चालू आहे. मध्ये एक काळ असा आला की निम्म्या जगाने गोळ्या बंद करून टाकल्या, आणि नंतर आपण भलतीच गोष्ट टाकून दिली की काय, अशी शंका त्यांना आली.

घरातलं उदाहरण घेऊ. तान्ह्या बाळाची दुधाची बाटली ब्रशने घासली की लख्ख दिसते. तरी आई ती उकळते, कारण लख्ख म्हणजे निर्जंतुक नव्हे. उलट बाजूनेही बघा: तळाशी साय चिकटलेली बाटली न घासता नुसती उकळली, तर तेही काम अर्धवटच. घासणं वेगळं, उकळणं वेगळं. आतड्याच्या बाबतीत पावडरचं पाणी म्हणजे घासणं. गोळ्या म्हणजे उकळणं, पण ते आपलं हौसेने म्हणायचं, कारण आतडं पूर्ण निर्जंतुक कधीच होत नाही.

का होत नाही, ते आकड्यांत बघू. मोठ्या आतड्यातल्या एक ग्रॅम मळात दहा हजार कोटींच्या घरात जंतू असतात, कधी त्याहून जास्त. पृथ्वीवर माणसं आठशे कोटी. म्हणजे चिमूटभर मळात पृथ्वीच्या बारापट वस्ती. हजारातले नऊशे नव्याण्णव जंतू मारले तरी ग्रॅममागे दहा कोटी शिल्लक राहतात. एरवी हे जंतू आपले भाडेकरू आहेत, उपद्रवी नाहीत. काही तर जीवनसत्त्व के तयार करतात. आतड्याच्या भिंतीच्या आत असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. सर्जन ती भिंत कापतो तेव्हा प्रश्न उभा राहतो.

समजा कॅन्सरची गाठ आहे. गाठीचा भाग दोन्हीकडून थोडं चांगलं आतडं घेऊन कापून काढतात आणि उरलेली दोन टोकं टाक्यांनी किंवा स्टेपलरने जोडतात. या जोडाला डॉक्टर 'ॲनास्टोमोसिस' म्हणतात. आतडं उघडं पडतं ती मिनिटं धोक्याची. आतला थेंबभर ऐवज पोटाच्या कातडीच्या जखमेला लागला तर पुढच्या आठवड्यात टाके पिकतात, पू येतो, घरी जाणं लांबतं. त्रासदायक खरं, पण यातून माणूस बहुधा बरा होतो. खरी भीती दुसरीच असते. जोड भरून यायच्या आधी सुटतो, सर्जनांच्या भाषेत 'लीक' होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप, वाढलेली नाडी, फुगलेलं पोट. मळ पोटाच्या पोकळीत पसरतो. मग पुन्हा ऑपरेशन, बऱ्याचदा मळ बाहेर घेण्यासाठी पोटावर पिशवी, आणि कधीकधी मृत्यूही. मोठ्या आतड्याचे सर्जन रात्री झोपेतून दचकून उठतात ते या एका शब्दामुळे.

अँटिबायोटिक नव्हती त्या काळात सर्जन या भीतीपोटी आतडं पोटात जोडायलाच बिचकत. गाठीसकट आतड्याचा वेढा पोटाबाहेर काढून ठेवायचा, काही दिवसांनी कापायचा, आणखी काही आठवड्यांनी तोंडं मिटवायची, असे दोन-तीन टप्प्यांचे प्रकार चालत. १९३५ मध्ये जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल हे जंतूंवर चालणाऱ्या सल्फा गटातलं पहिलं औषध जगापुढे आणलं आणि दार उघडलं. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या सर्जनांनी, विशेषतः एडगर पॉथ यांनी, सल्फाच्या अशा भावंडांचा वापर सुरू केला जी पोटातून रक्तात फारशी शोषली जात नाहीत.

ही युक्ती नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढची सगळी कथा तिच्यावर उभी आहे. तापासाठी आपण गोळी घेतो ती आतड्यातून रक्तात जावी म्हणून. इथे बरोबर उलटं हवं असतं. औषधाने रक्तात न जाता आतड्याच्या नळीतच राहावं, मळाबरोबर खाली खाली जावं आणि वाटेत जंतू मारावेत. 'इंजेक्शन देणारच आहेत, मग गोळी कशाला' याचं उत्तर हेच. इंजेक्शन रक्तातून येतं आणि कापलेल्या मांसाचं, कातडीचं रक्षण करतं. आतड्याच्या पोकळीतल्या गर्दीपर्यंत ते नीट पोचत नाही. गोळी पोचते.

१९४९ मध्ये सेल्मन वॅक्समन आणि त्यांचे सहकारी ह्यूबर्ट लशेवालिए यांनी नियोमायसिन शोधलं. हेच वॅक्समन स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधासाठी पुढे नोबेल मिळवून गेले. नियोमायसिन इंजेक्शनातून दिलं तर कानांना आणि मूत्रपिंडांना इजा करतं. तोंडाने घेतलं तर जेमतेम शोषलं जातं. इंजेक्शनासाठी जो दोष, तो आतड्यासाठी गुण ठरला. पण नुसत्या नियोमायसिनने काम होईना. ते ई. कोलायसारख्या जंतूंना मारायचं, तरी जखमा पिकायच्या. वर काही रुग्णांना औषधाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंमुळे भयंकर जुलाब लागायचे. १९५० च्या दशकात या प्रकाराने गोळ्यांचं नाव चांगलंच खराब केलं.

गोम अशी होती की आतड्यातले बहुसंख्य जंतू प्रयोगशाळेला दिसतच नव्हते. त्यांना प्राणवायू चालत नाही. उघड्या हवेतल्या काचेच्या बशीत ते वाढत नाहीत, म्हणून अहवालात येत नाहीत. हे विनाप्राणवायूचे जंतू, त्यांत बॅक्टेरॉइड्स हे नाव मुख्य, ई. कोलायपेक्षा शेकडो-हजारो पटींनी जास्त असतात. आणि नियोमायसिनला जंतूच्या पेशीत शिरायलाच प्राणवायूवर चालणारी यंत्रणा लागते. थोडक्यात, आपण मूठभरांवर बंदुका रोखून बसलो होतो आणि फौज मागून जात होती.

१९७० च्या आसपास असे जंतू वाढवण्याची तंत्रं सुधारली, फौज दिसली, आणि १९७३ मध्ये रोनाल्ड निकल्स आणि रॉबर्ट काँडन या अमेरिकन सर्जनांनी दोन औषधांची जोडी मांडली: नियोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन. एक प्राणवायूवाल्यांसाठी, दुसरं विनाप्राणवायूवाल्यांसाठी. ऑपरेशन सकाळी आठला असेल तर आदल्या दिवशी दुपारी एक, दुपारी दोन आणि रात्री अकरा वाजता प्रत्येकी एक ग्रॅम. तुमच्या कागदावर गोळ्यांपुढे काटेकोर वेळा लिहिलेल्या असतात त्याचं मूळ इथे आहे. कापण्याच्या क्षणी आतड्यात जंतू कमीत कमी असावेत असा तो हिशेब. तीन वेळच्या गोळ्या एकदम घेऊन टाकल्या तर हिशेब चुकतो.

१९७७ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत याची कसोटी लागली. ११६ रुग्ण. आतडं सगळ्यांचं धुतलं. मग अर्ध्यांना खऱ्या गोळ्या, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या खोट्या, आणि कोणाला काय दिलं हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. खोट्या गोळ्यावाल्यांपैकी ४३ टक्के रुग्णांना जंतुसंसर्गाचे त्रास झाले, खऱ्या गोळ्यावाल्यांपैकी ९ टक्क्यांना. या ४३ टक्क्यांपाशी जरा थांबा. त्या लोकांचं पोट साफच होतं. धुतलेलं होतं, फक्त 'उकळलेलं' नव्हतं.

आता धुण्याची गोष्ट. ती ऐकताना आजच्या पावडरला नावं ठेवणाऱ्यांना थोडं बरं वाटेल. १९७० च्या दशकात काही ठिकाणी नाकातून नळी घालून दहा लिटरच्या आसपास खारं पाणी सोडत, आणि रुग्ण तासन्तास कमोडवर बसलेला. पाण्यातलं मीठ अंगात शोषलं जाई, म्हाताऱ्यांच्या हृदयावर ताण येई. मग मॅनिटॉल आलं. गोड, प्यायला सोपं, थोडक्यात काम भागवणारं. त्याचा धोका मात्र कोणाच्या ध्यानात आला नव्हता. मॅनिटॉल ही एक प्रकारची साखर, आणि आतड्यातल्या जंतूंना ती मेजवानी. ती आंबवून ते हायड्रोजन तयार करतात. १९७९ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. दुर्बिणीतून गाठ काढताना विजेच्या तारेची ठिणगी पडली, आतड्यातल्या वायूचा स्फोट झाला आणि रुग्ण दगावला. स्वच्छ दिसणारं आतडं आणि जंतूविरहित आतडं यांतला फरक सांगायला याहून भीषण उदाहरण मला माहीत नाही.

पुढच्याच वर्षी टेक्सासमधल्या जॉन फोर्डट्रान यांच्या गटाने पॉलिएथिलिन ग्लायकॉल आणि क्षार यांचं मिश्रण मांडलं. आज आपल्याकडे मिळणारी बहुतेक पाकिटं याच घराण्यातली. हा पदार्थ शोषला जात नाही, जंतूंना आंबवता येत नाही आणि पाणी आपल्याबरोबर धरून ठेवतो. क्षारांचं प्रमाण असं जुळवलेलं की शरीर फारसं पाणी गमावतही नाही आणि फारसं घेतही नाही. नळातून पाणी सोडावं तसं ते एका टोकाने जातं, दुसऱ्याने येतं. चव मात्र कोणी जुळवली नाही. थोड्या घोटांत काम करणारं सोडियम फॉस्फेटही मधल्या काळात लोकप्रिय झालं होतं. त्याने काहींची मूत्रपिंडं कायमची बिघडली आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर कडक इशारा छापायला लावला.

एवढा त्रास द्यायचा तर त्याचा उपयोग होतो का, असं कोणीतरी विचारणारच. युरोपात ते गांभीर्याने विचारलं गेलं. २००७ मध्ये नेदरलंड्समधल्या तेरा रुग्णालयांचा अभ्यास आला, सुमारे १,४०० रुग्णांचा. धुतलेल्यांपैकी ४.८ टक्के रुग्णांचा जोड सुटला, न धुतलेल्यांपैकी ५.४ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणा. त्याच वर्षी स्वीडननेही तसंच सांगितलं. जगभरच्या चाचण्या एकत्र तोलणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात अठरा चाचण्या आणि ५,८०५ रुग्ण एकत्र मोजले, निष्कर्ष तोच. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी सुरू केलेली 'रुग्णाला कमीत कमी छळा, लवकर चालवा, लवकर जेवू घाला' ही पद्धतही तेव्हा जोरात होती. युरोपातल्या कितीतरी सर्जनांनी आतडं धुणं बंद केलं.

आणि इथेच सुक्याबरोबर ओलंही जळालं. या चाचण्यांनी तपासलं होतं नुसतं धुणं. गोळ्या त्यांत बहुधा नव्हत्याच, कारण इंजेक्शनं आल्यावर बऱ्याच जणांनी त्या आधीच सोडल्या होत्या. धुणं निरुपयोगी ठरलं आणि 'आतड्याची तयारी' हे सगळं गाठोडंच खिडकीतून बाहेर गेलं. न उकळता नुसती घासलेली बाटली आणि न घासलेली बाटली यांची तुलना करून आपण उकळणंही सोडून दिलं.

अमेरिकेत २०१२ नंतर मोठ्या राष्ट्रीय नोंदवह्या चाळल्या गेल्या तेव्हा धुणं आणि गोळ्या दोन्ही मिळालेल्या रुग्णांत जखमा पिकणं आणि जोड सुटणं दोन्ही कमी दिसलं. गोळ्यांमुळे नव्या जुलाबांची साथ येईल ही जुनी भीतीही तिथे खरी ठरली नाही. नोंदवह्यांचा पुरावा कच्चा असतो, हे मान्य. तब्येतीने बरे असलेल्यांनाच पूर्ण तयारी झेपते, त्यामुळे निकाल आपोआप चांगले दिसू शकतात. तरी २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपला सल्ला दिला: ठरवून केलेल्या ऑपरेशनात धुणं आणि गोळ्या एकत्र द्याव्यात, नुसतं धुणं नको.

प्रकरण मिटलं असं मात्र नाही. २०१९ मध्ये फिनलंडच्या चाचणीत दोन्ही मिळालेल्यांची तुलना काहीच न मिळालेल्यांशी केली. संसर्ग ७ टक्के आणि ११ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असं गणिताने सांगितलं. लगेच २०२० मध्ये स्पेनच्या चाचणीत न धुता नुसत्या गोळ्या दिल्या, सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि मेट्रोनिडाझोल. संसर्ग ११ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर. म्हणजे कदाचित घासण्यापेक्षा उकळण्यालाच जास्त महत्त्व असेल. माझा कल याच बाजूला आहे, पण स्पेनच्या गोळ्या डोळे मिटून उचलू नयेत असंही वाटतं. आपल्याकडच्या ई. कोलायने सिप्रोफ्लॉक्सॅसिनला कधीच धूप घालायचं सोडलंय, आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) अहवाल वर्षानुवर्षं हेच सांगतात. कोणत्या गोळ्या, हे आपल्या भागातले जंतू बघून ठरायला हवं.

मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटते ती जोड सुटण्याची गोष्ट. पिढ्यान्‌पिढ्या असं मानलं गेलं की जोड सुटतो तो टाक्यांवर ताण आल्याने नाहीतर रक्तपुरवठा कमी पडल्याने. म्हणजे दोष सर्जनच्या हाताचा. १९५५ मध्ये इसिडोर कोन यांनी कुत्र्यांवर प्रयोग केला. जोडाजवळच्या आतड्याचा रक्तपुरवठा मुद्दाम तोडला. मग काहींच्या आतड्यात, थेट जोडापाशी, टेट्रासायक्लिन सोडलं. ज्यांना सोडलं नाही त्यांचे जोड सडून सुटले. ज्यांना सोडलं ते रक्तपुरवठा तुटूनही तगले. प्रयोग लोकांच्या लक्षात राहिला नाही. साठ वर्षांनी, २०१५ मध्ये, शिकागो विद्यापीठात जॉन अल्व्हर्डी यांच्या गटाला उंदरांमध्ये त्याचं कारण सापडलं. एन्टेरोकॉकस नावाच्या जंतूची काही वाणं कोलाजेन पचवतात. कोलाजेन म्हणजे जखम सांधणारा धागा. सर्जन बाहेरून शिवत असतो आणि जंतू आतून उसवत असतो. जोडावर थेट अँटिबायोटिक लावलं तर उसवणं थांबलं. नेहमीचं शिरेतलं अँटिबायोटिक दिलं तर थांबलं नाही. माणसात सगळं हुबेहूब असंच घडतं असा दावा करता येत नाही, तरी उशाशी राहिलेल्या गोळ्यांकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो.

आता घरच्या कामाचं थोडं. आतड्याला अडथळा असेल, पोट फुगून उलट्या होत असतील, तर हे पाणी प्यायचंच नाही. तुंबलेल्या नळात वरून पाणी ओतण्यासारखं होईल. अशा रुग्णाचं आतडं गरज पडलीच तर ऑपरेशन टेबलावर धुतात. वरच्या टोकातून बारीक नळी, खालच्या टोकाला भूल देण्याच्या यंत्राची जाड वळ्यावळ्यांची नळी, आणि तिच्या शेवटी पिशवी.

बाकीच्यांसाठी: आदल्या दिवशी 'पातळच घ्या' असं सांगतात, तेव्हा पातळ म्हणजे पारदर्शक. दूध पातळ असतं, पण पारदर्शक नसतं. साबुदाण्याची खिचडी उपासाला चालते, या उपासाला नाही. पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, शहाळं, वरणाची वरची निवळ चालते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर शहाळंही डॉक्टरांना विचारून. औषधाचं पाणी गार करून प्यायलं तर चव कमी जाणवते. एका जागी बसून न राहता घरात फेऱ्या मारल्या तर पोट हलकं राहतं. शेवटी शेवटी येणारं पाणी पिवळसर नितळ झालं की काम झालं. सारखं जाऊन गुदद्वाराची जागा सोलवटते, म्हणून आधीपासून खोबरेल तेल लावून ठेवावं. चाळीत सामाईक संडास असेल, किंवा आजी-आजोबांना भारतीय बैठकीवर वीस वेळा उठबस जमणार नसेल, तर लाज न बाळगता आदल्या दिवशीच ॲडमिट करायला सांगा. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय करायचं, हे दोन दिवस आधी विचारून कागदावर लिहून घ्या.

आणि त्या गोळ्या. एरिथ्रोमायसिन पोटाच्या स्नायूंना चाळवतं, म्हणून कळा आणि मळमळ येते. मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूची चव येते. दोन्ही सहन करण्याजोगं असतं. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर मनाने दुसरी घेऊ नका आणि गप्पही बसू नका. सिस्टरना वेळ सांगा, म्हणजे पुन्हा द्यायची की नाही ते सर्जन त्याच रात्री ठरवतील.